बेंदराचा बैल आणि पॉलिमरची माती

बेंगळुरूहून होसूर रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की सिल्क बोर्डाच्या चौकानंतर सुमारे दहा किलोमीटर लांबीचा उन्नत मार्ग लागतो. २०१० साली खुला झालेला हा मार्ग प्रवाशाला थेट इलेक्ट्रॉनिक सिटीच्या दाराशी आणून सोडतो. ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची पिवळी मार्गिकाही येथून बोम्मसंद्रापर्यंत धावू लागली आहे. संगणकाच्या पडद्यावर जगाचे व्यवहार चालवणाऱ्या या नगरीची मुहूर्तमेढ १९७८ साली कर्नाटक शासनाच्या ‘केऑनिक्स’ या महामंडळाने रोवली. महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा हे या कल्पनेचे जनक मानले जातात. त्यासाठी निवडलेली ३३२ एकर जमीन कोणप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन गावांची होती. आज तेथे बैल दिसत नाहीत. मात्र मेट्रोच्या एका स्थानकाच्या नावात कोणप्पन अग्रहार हे गाव अजूनही टिकून आहे.

या परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या भागांतून आलेल्यांना आषाढ लागला की एक हुरहूर जाणवते. गावाकडून दूरध्वनी येतो, “बेंदूर आला, बैल आणले का?” कुंभाराच्या घरून आणलेली मातीच्या बैलांची जोडी पाटावर मांडायची, तिला हळदकुंकू वाहायचे, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, हा तेथील घराघरांतील परिपाठ. अकराव्या मजल्यावरील सदनिकेत कुंभार कोठून यायचा? मग घरातील एखादे मूल छंदाच्या दुकानातून आणलेल्या रंगीत पॉलिमर क्लेच्या वड्या पुढे करते आणि म्हणते, “आई, आपणच बैल करू या की!”

सूचना उत्तम आहे. तथापि ही ‘माती’ नेमकी काय आहे, तिच्यापासून काय करावे आणि काय करू नये, हे समजून घेतल्यावाचून तिला हात घालू नये. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

मातीच्या बैलांचा प्रदेश

मातीचा बैल पुजण्याची प्रथा महाराष्ट्रापुरती मर्यादित नाही. विदर्भ-मराठवाड्यात श्रावण अमावास्येला पोळा साजरा होतो. दक्षिण महाराष्ट्रात आषाढी पौर्णिमेच्या सुमारास बेंदूर असतो. सीमाभागात ज्येष्ठ पौर्णिमेला होणाऱ्या सणाला आपल्या पंचांगांत ‘कर्नाटकी बेंदूर’ असेच नाव आहे. त्यानंतर येणारी ज्येष्ठ अमावास्या उत्तर कर्नाटकात ‘मण्णेत्तिन अमावास्या’ म्हणून ओळखली जाते. कन्नडमध्ये ‘मण्णु’ म्हणजे माती आणि ‘एत्तु’ म्हणजे बैल. त्या दिवशी मातीची बैलजोडी आणि तिच्यापुढे मातीचीच गव्हाण मांडून पूजा करतात. म्हणजे बेंगळुरूला आलेला मराठी माणूस ज्या बैलासाठी हळहळतो, तोच बैल धारवाड-विजापूरकडून आलेल्या त्याच्या शेजाऱ्याच्याही आठवणीत असतो.

बैलांच्या जातींतही हे नाते आहे. माणदेशाची शान असलेली खिलार जात मूळ म्हैसूर मुलखातील हळ्ळीकार जातीपासून उत्पन्न झाली, असे पशुतज्ज्ञ मानतात. डोक्यावर मुळाशी जवळ येणारी, मागे झुकून वर चढणारी लांब टोकदार शिंगे ही दोहोंची खूण. भारतीय टपाल खात्याने २००० साली देशी गोवंशावर जी टपाल तिकिटे काढली, त्यांत हळ्ळीकारचाही समावेश होता. छोटा बैल घडवायचा झाल्यास ही शिंगे नीट साधणे हीच खरी कसोटी, हे पुढे येईलच.

ही माती नव्हे

पॉलिमर क्लेला आपण सवयीने माती म्हणतो. वास्तविक ते प्लास्टिक आहे. पाण्याच्या नळांसाठी जे पीव्हीसी वापरले जाते, त्याचीच अतिसूक्ष्म भुकटी, तीत मऊपणा आणणारे तेलासारखे द्रव्य आणि रंग, असे हे मिश्रण असते. मऊपणा आणणाऱ्या या द्रव्याला प्लास्टिसायझर म्हणतात. कुंभाराची माती पाण्याने मऊ होते आणि पाणी उडाल्यावर वाळते. पॉलिमर क्लेमध्ये पाणी नसल्याने ती उघड्यावर आठवडाभर राहिली तरी वाळत नाही. तिला घट्ट करते ती उष्णता. साबुदाणा भिजल्यावर फुगतो आणि आचेवर त्याचे दाणे एकमेकांस चिकटून एकजीव होतात, काहीसा तसाच प्रकार येथे घडतो. सुमारे ११० ते १३५ अंश सेल्सियस तापमानाला पीव्हीसीचे कण ते द्रव्य शोषून फुगतात व परस्परांत मिसळतात आणि थंड झाल्यावर कठीण वस्तू हाती येते. पाणी उडून जाण्याचा प्रश्नच नसल्याने ती फारशी आकसत नाही. म्हणूनच बोटभर उंचीच्या प्राण्याचे कान, खूर, शेपटीचा गोंडा असे बारकावे यात टिकून राहतात.

या पदार्थाचा इतिहासही मोठा रंजक आहे. जर्मनीतील प्रसिद्ध बाहुलीकार केटे क्रूझे यांच्या कारखान्यासाठी, बाहुल्यांची डोकी करण्याकरिता, महायुद्धाच्या टंचाईच्या काळात असे एक द्रव्य अजमावण्यात आले. कारखान्याला ते सोयीचे ठरले नाही. पण त्यांची कन्या सोफी हिने त्यावर प्रयोग चालू ठेवले. तिचे लाडके नाव ‘फिफी’. त्यावरून ‘फिफी मोझाइक’ या नावाने ते विकले जाऊ लागले. १९६४ साली तिने त्याची कृती एबरहार्ड फाबर या कंपनीस विकली आणि त्यातून ‘फिमो’ हे नाव जगभर गेले.

अमेरिकेतील ‘स्कल्पी’ची कथा इलेक्ट्रॉनिक सिटीच्या वाचकांना विशेष भावेल. हा पदार्थ तयार झाला तो विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील उष्णता वाहून नेण्यासाठी! त्या कामी तो अपयशी ठरला. १९६०च्या दशकाच्या आरंभी कोणीतरी त्याचा गोळा सहज हाताळत एक छोटी आकृती केली, प्रयोगशाळेच्या भट्टीत ती भाजली आणि नापास झालेल्या मालाला नवा जन्म मिळाला. कंपनी स्वतःच ही हकिगत सांगते.

बैल घडवताना

साधारण पाच सेंटिमीटर लांबीचा बैल आरंभासाठी योग्य. बाजारात मिळणारी वडी बहुधा ५७ ग्रॅमची असते. आतून कागदासारख्या पातळ ॲल्युमिनियमचा गाभा दिल्यास एका बैलाला अर्ध्या वडीच्या आसपास ऐवज पुरतो. साहित्य मोजकेच लागते. एक गुळगुळीत फरशी, लाटण्यासाठी काचेची गोल बाटली, धारदार पाते, दाभण, दात कोरण्याच्या काड्या आणि तांब्याची बारीक तार. विजेच्या जोडणीतील तार घेतल्यास तिच्यावरील प्लास्टिक पूर्णपणे सोलून टाकावे. मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळावे. या कामी वापरलेले पाते, बाटली वा ताटली पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नये.

प्रथम वडी कणकेप्रमाणे तिंबून घ्यावी. न तिंबलेली माती कडांना चिरते आणि भाजल्यावर ठिसूळ राहते. फारच मऊ वाटल्यास दोन कोऱ्या कागदांमध्ये काही तास दाबून ठेवावी. कागद जादा तेलकट द्रव्य शोषून घेतो. खिलार बैल पांढरा असल्यामुळे आणखी एक दक्षता आवश्यक ठरते. पांढऱ्या रंगावर धूळ, लोकरीचे तंतू, आधीच्या रंगाचे डाग चटकन उमटतात. म्हणून हात स्वच्छ धुऊन, पुसून, पांढऱ्या भागाचे काम सर्वप्रथम करावे. झुलीचा लाल, कंड्याचा काळा हे रंग शेवटी हाती घ्यावेत.

आता ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून, फरशीवर घोळवून, लांबट अंड्यासारखा गाभा घट्ट करावा. त्यावर चारपाच मिलिमीटर जाडीचा थर सारखा बसवावा व आत हवा राहू देऊ नये. अडकलेली हवा भाजताना फुगते व फोड येतो. पायांसाठी चार सारखे तुकडे कापून वळावेत. प्रत्येकात तारेचा तुकडा खुपसून त्याचे वरचे टोक धडात रुतवावे आणि सांधा दाभणाने मागेपुढे ओढून एकजीव करावा. केवळ चिकटवलेला पाय पुढेमागे निखळतोच.

त्यानंतर मान आणि डोके. बैलाला ‘बैलपण’ देणाऱ्या गोष्टी तीनच आहेत. खांद्यावरचे वशिंड, मानेखाली लोंबणारी कातडीची पोळी आणि शिंगे. वशिंड पाठीच्या मध्यावर नव्हे, तर पुढच्या पायांच्या नेमके वर असते. नवशिक्या हाताची ही हमखास चूक. शिंगांसाठी तारेचे दोन तुकडे सारख्याच वळणाने वाकवावेत, त्यांवर मातीचा पातळ थर टोकाकडे निमुळता होत जाईल असा लाटावा व डोक्यात खोलवर रोवावेत. दोन्ही शिंगे एकदम वाकवावीत, म्हणजे जोड जमते. डोळ्यांना काचेचे बारीक काळे मणी चालतात. प्लास्टिकचे मणी भाजताना वितळतील.

आचेचे गणित

या छंदातील यशापयश ठरते ते भट्टीत. वेष्टनावर छापलेले तापमान हीच आज्ञा मानावी. फिमोसाठी सामान्यतः ११० अंश आणि अर्धा तास, तर अन्य काही प्रकारांसाठी १३० अंशांच्या आसपास, दर सहा मिलिमीटर जाडीला अर्धा तास, असे प्रमाण दिलेले असते. घरगुती ओटीजीच्या गुंडीवरील आकड्यावर मात्र विसंबू नये. आतले तापमान त्या आकड्यापासून बरेच वरखाली होते. भट्टीत ठेवण्याचा स्वतंत्र तापमापक अल्प किमतीत मिळतो आणि तीच या छंदातील सर्वांत फलदायी गुंतवणूक होय.

प्रस्तुत लेखकाने केलेला पहिला बैल दिसायला देखणा उतरला होता. पांढरा रंग पिवळा पडेल या भीतीने तो दहा मिनिटांतच बाहेर काढला. दोन दिवसांनी कपाटावर ठेवताना त्याचे एक शिंग आणि मागचा पाय बिस्किटासारखा तुटला. कमी भाजलेली वस्तू वरून कठीण वाटते, आतून कच्चीच राहते. रंग जपण्याचा खरा उपाय वेळ कमी करणे हा नसून, ओटीजी आधी तापवून घेणे आणि वस्तूवर ॲल्युमिनियमच्या कागदाचे सैल छत्र धरणे हा आहे. मध्येच वीज गेली तरी चिंता नसावी. वस्तू पुन्हा पूर्ण वेळ भाजता येते. भाजल्यावर तिला आतच हळूहळू निवू द्यावे. मायक्रोवेव्हचा उपयोग मात्र कधीही करू नये.

दुसऱ्या टोकाची चूक अधिक गंभीर आहे. तापमान सुमारे १७५ अंशांपुढे गेल्यास पीव्हीसीचे विघटन होऊ लागते व हायड्रोजन क्लोराइड हा डोळ्यांना व श्वसनमार्गाला झोंबणारा वायू बाहेर पडतो. करपल्याचा उग्र वास येताच ओटीजी बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि मुलांना त्या खोलीतून बाहेर न्यावे. छोट्या सदनिकेत, बंद स्वयंपाकघरात भाजकाम करणाऱ्यांनी हे विसरू नये. भाजण्याचे काम सदैव वडीलधाऱ्यांचे. मुलांनी घडवावे, मोठ्यांनी भाजावे.

निवलेल्या बैलावर ॲक्रिलिक रंगाने डोळ्यांभोवतीचे काजळ, खूर, झुलीची नक्षी रंगवता येते. चकाकीसाठी पाण्यात मिसळणारे व्हार्निश वापरावे. नखांना लावायचे पॉलिश लावल्यास त्यातील द्रावकाने पृष्ठभाग कायमचा चिकट होऊन बसतो. उरलेली कच्ची माती कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यांत ठेवू नये. त्यांतील काही प्रकारांचे प्लास्टिक तिच्यातील द्रव्याने विरघळते. मऊ पिशवीत गुंडाळून सावलीत ठेवावी. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत राहिलेली वडी अर्धवट भाजल्यासारखी होऊन वाया जाते.

खेळणे की शोभेची वस्तू?

बैल छान झाला की साहजिकच दोन इच्छा होतात. तो लहान भावंडाच्या हाती द्यावा, आणि असे आणखी करून विकावेत. दोन्ही बाबतींत थोडे थांबून विचार करणे इष्ट.

पीव्हीसी मऊ करण्यासाठी पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या थॅलेट वर्गातील काही द्रव्यांवर मुलांच्या खेळण्यांपुरती बंधने युरोपीय संघाने २००५ साली व अमेरिकेने २००८ साली घातली. नामांकित उत्पादकांनी त्यानुसार आपल्या कृतीत बदल केले. म्हणून वेष्टनावर घटक व सुरक्षिततेची खूण नसलेली स्वस्त वडी घेण्याचा मोह टाळावा. शिवाय बोटभर बैलाचे शिंग तोंडात घालणाऱ्या बालकाच्या हाती ही वस्तू कदापि नको. त्याला बैल-घोडा द्यायचाच असेल तर बेंगळुरूहून म्हैसूर रस्त्याने साठेक किलोमीटरवर चन्नपट्टण आहे. तेथील लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हातांत वावरली आहेत. आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणीही प्रसिद्धच आहेत.

विक्रीचा विचार असणाऱ्यांनी कायद्याची बाजू ध्यानी घ्यावी. केंद्र शासनाचा खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा २०२० चा आदेश १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोची खूण आवश्यक आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा आपल्या बैलाला ‘खेळणे’ म्हणून विकू नये. तो शोभेची वस्तू आहे, हे वेष्टनावर स्पष्ट लिहावे आणि तसेच वागावे. किंमत ठरवताना केवळ वडीचा खर्च धरू नये. तुटलेले नग, वीज, रंग, वेष्टन आणि विशेषतः स्वतःचा वेळ यांची नोंद एका वहीत ठेवावी. एका बैलाला तीन तास लागत असतील तर त्या तीन तासांचे मोल त्या किमतीत आहे काय, हे वही प्रामाणिकपणे सांगते. पुष्कळांना त्यातून एवढेच कळते की हा व्यवसाय नसून छंद आहे. आणि हे वेळीच कळणे हाही एक लाभच. हिशेब जमत असेल, मागणी टिकत असेल, तरच पुढचे पाऊल टाकावे. २०१५ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाविना मिळते. कर्जाआधी ती वही मात्र हवी.

पूजेला कोणता बैल?

आता मूळ प्रश्न. बेंदराला पाटावर मांडायचा बैल पॉलिमरचा असावा का?

कुंभाराचा बैल मातीचा असतो. सण संपल्यावर तो पाण्यात विरघळतो आणि तुळशीच्या कुंडीत, परसात जाऊन पुन्हा मातीच होतो. पुढच्या वर्षी नवी माती, नवा बैल आणि कुंभाराच्या घरी नवी मिळकत. पॉलिमरचा बैल पाण्यात महिनोन्‌महिने राहिला तरी विरघळत नाही, कारण तो प्लास्टिक आहे. त्याचे विसर्जन म्हणजे जलाशयात कचरा टाकणे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तिविसर्जनाविषयी दिलेल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांतही नैसर्गिक मातीचा पुरस्कार आणि प्लास्टिकला मज्जाव आहे.

म्हणून आमचे नम्र मत असे की पूजेचा बैल मातीचाच असावा. शाडूची माती आता बेंगळुरूतही गणेशोत्सवाच्या निमित्ताने मिळते. तिचा बैल लहान मुलेही करू शकतात आणि तिला भट्टीही लागत नाही. शक्य असेल तेथे कुंभाराकडूनच जोडी घ्यावी. कुंभार आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारे कारागीर या दोघांचाही समावेश २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत आहे. प्रशिक्षणासोबत त्यांना सवलतीच्या दराने तीन लाख रुपयांपर्यंत कर्ज दोन टप्प्यांत मिळू शकते. आपल्या परिचयातील कुंभारबंधूंना ही माहिती पोहोचवणे, हीदेखील बेंदराची एक पूजाच ठरेल.

मग पॉलिमरच्या बैलाचे स्थान कोठे? जेथे वस्तू टिकावी अशी आपली इच्छा असते, तेथे. कार्यालयातील मेजावर, पुस्तकांच्या कपाटात, परगावी निघालेल्या मुलीच्या सामानात. न तुटणारी, न विरघळणारी वस्तू करायची तर ती जपण्याजोगी करावी. दहा ओबडधोबड बैल करण्यापेक्षा नीट भाजलेला, शिंगांची जोड साधलेला एकच करावा. टिकाऊ पदार्थ हाती घेणाऱ्यावर एवढी जबाबदारी येतेच.

वाचकहो, येत्या आषाढात सुटीच्या दिवशी घरातील मुलांना घेऊन बसा. एका पाटावर शाडूची माती आणि एका फरशीवर पॉलिमरची वडी ठेवा. दोन्हींचा एकेक बैल होऊ द्या. सण झाल्यावर शाडूचा बैल बादलीतल्या पाण्यात ठेवून ते गढूळ पाणी कुंडीत ओता आणि दुसरा बैल मुलाच्या अभ्यासाच्या मेजावर ठेवा. माती म्हणजे काय आणि प्लास्टिक म्हणजे काय, हे त्याला निराळे शिकवावे लागणार नाही. आणि गावाहून दूरध्वनी येऊन आजीने विचारले, “बैल आणले का रे?” तर त्याला अभिमानाने सांगता येईल, “आणले नाहीत आजी, आम्ही केले!”